खडूचा हात

१२ जानेवारी

मामा,

नमस्कार. आधी भांडते, मग कामाचं लिहिते. मागच्या पत्रात तुम्ही मला ‘कागदी इंजिनिअर’ म्हणालात, ते मी आईला वाचून दाखवलं. ती शेवटी तुमचीच बहीण. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. फोनवरच भांडले असते, पण यंत्रांच्या खडखडाटात तुम्ही कान घालवून बसलाय. फोनवर अर्धं ऐकता आणि उरलेलं अर्धं मनानं भरता. म्हणून पत्र.

आता काम. मला पहिल्यांदाच एक अख्खं डिझाइन मिळालंय. इतके दिवस ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंग नीटनेटकी करत होते. आमचे भिंगवाले साहेब (खरंच भिंग घेऊन दशांशचिन्हं तपासतात, म्हणून सगळे तसंच म्हणतात) सरळ म्हणाले, या कामावरून ठरेल, तू डिझाइनला राहायचंस की परत ड्रॉइंगं पुसायच्या टेबलावर जायचंस.

तुमच्या जुन्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीतली बेकरी आठवते? तिथलं कणीक मळायचं यंत्र ओरडायला लागलंय. आडवी कढई, तिच्यात दांड्यांचा शाफ्ट. मोटर छोट्या गिअरला फिरवते, छोटा मोठ्याला, आणि मोठा दांड्यांना. या दोन गिअरांचे तिरपे दाते झिजलेत. नवी जोडी करायची. चौतीस वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग मिळालं, त्यावर तुमच्या वर्कशॉपचा शिक्का आहे. म्हणजे ती जोडी तुमच्याच हातची असणार!

हिशेब असा. पेटी ओतीव आहे, त्यामुळे दोन शाफ्टांमधलं अंतर ठरलेलं, १६० मिलिमीटर. चारच्या मापाचे दाते घेतले, एकोणीस आणि अठ्ठावन्न. दाते सरळ ठेवले तर अंतर येतं १५४. सहा मिलिमीटर कमी. ते मी तिरपेपणानं भरून काढले. दाते पंधरा अंश चव्वेचाळीस मिनिटं कलवले की बरोबर १६० येतात. कागद सोबत जोडलेत. तुमच्या तपकिरी वहीशी ताडून बघा आणि चुका दाखवा. मिळाल्या तर.

तुमची,
पिनियन

•

२० जानेवारी

पिनियन,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांतला एक तुझ्या शेवटच्या दोन शब्दांसाठी जादा. तुला हे नाव मी उगाच नाही ठेवलं. जोडीतला छोटा गिअर म्हणजे पिनियन. आकारानं लहान, पण सगळ्यांना फिरवणारा तोच.

वही काढली. चष्मा शोधण्यात एक दिवस गेला, तो कपाळावर होता. तुझा कोन बरोबर. एकोणीस आणि अठ्ठावन्न हे आकडेही छान निवडलेस. दोघांना एकाच संख्येनं भाग जात नाही, म्हणजे प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीनं भेटणार. रोज त्याच शेजाऱ्याशी घासाघीस नाही. झीज सगळीकडे सारखी होते. हे तू पुस्तकातून घेतलंस की माझ्याकडून, ते विचारत नाही. विचारलं तर तू पुस्तक म्हणशील.

एक मात्र कळलं नाही. गिअरला दाते एकोणीस, आणि पान चारवर मजबुतीच्या हिशेबात तू धरलेस एकवीस. हे वरचे दोन कुठून आणलेस? माझ्या कवळीतले असतील तर परत पाठव, भाकरी चावताना अडचण होते.

ती जोडी मी कापली का, ते आठवत नाही बघ. जन्मभर दातेच कापले. कुणाकुणाला लक्षात ठेवणार?

आणि एक करशील? यंत्र एकदा जाऊन डोळ्यांनी बघून ये. कुठल्या अंगानं फिरतं, तेवढं बघ. जुन्या यंत्रांना एकेक खोड असते.

तुझा मामा

ता.क. मी मामी. तुझं पत्र आल्यापासून यांचं काहीतरी बिनसलंय. दोनदा विचारलं, काय झालं. दोन्ही वेळा म्हणाले, पाव संपलाय. डबा भरलेला होता.

•

२९ जानेवारी

मामा,

मामीला सांगा, तुमच्या तब्येतीची काळजी करू नको, ही माणसं चुका सापडल्या नाहीत की अशीच वागतात.

एकवीस दात्यांचं ऐका. तिरपा दाता गिअरच्या अंगाला आडवा कापून बघितला तर जाड दिसतो, पण त्याची खरी जाडी त्याच्या स्वतःच्या रांगेला काटकोनात. तिथून बघितलं तर तो दाता जरा मोठ्या, एकवीस दात्यांच्या गिअरवरचा वाटतो. मजबुती त्याच्यावरून काढायची. कवळी तुमची तुम्हालाच लखलाभ.

आता माझ्या आवडीचा भाग. दाते तिरपे म्हणजे छोटा गिअर मोठ्याला फिरवताना स्वतःही शाफ्टच्या लांबीत एका बाजूला रेटला जाणार. हा रेटा मी काढला, १०६५ न्यूटन. तुमच्या भाषेत एकशे आठ-नऊ किलो. एक जाडजूड पाहुणा दिवसभर खांद्यानं दार ढकलत उभा आहे म्हणा. तो कुठल्या बाजूला रेटणार हे दोन गोष्टींवर ठरतं: दात्यांचा पीळ उजवा की डावा, आणि गिअर फिरतो कुठल्या दिशेनं. ड्रॉइंगवर दिशेचा बाण आहे आणि पिनियनचा पीळ उजवा लिहिलाय. त्या हिशेबानं रेटा मोटरकडच्या बाजूला जातो, आणि तिथं हा भार सोसणारं जाड बेअरिंग आहे. दुसऱ्या टोकाला नुसतं पातळ झाकण. साहेबांनी भिंग लावून हे पान दोनदा वाचलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणी ऐकलेली नाही.

तेव्हा बेकरीत जायची गरज नाही. बाण आहे ना! तरी तुमच्या शब्दाखातर मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, यंत्र कुठल्या अंगानं फिरतं ते काही सांगता येत नाही बाई, पण आमच्याकडे पीठ भिंतीकडून घालतात, त्यासाठी भिंतसुद्धा मागे सरकवली होती, फार पूर्वी. मला गंमत वाटली. पिठासाठी भिंत सरकवणारी माणसं!

नऊ फेब्रुवारीला ड्रॉइंग कापायला जातंय. आणि तुम्हाला ती जोडी आठवत नाही? माझ्या तीनचाकीच्या चेनचे दाते किती होते ते आठवतं, आणि हे नाही?

तुमची,
पिनियन

•

३ फेब्रुवारी

पिनियन,

ड्रॉइंग थांबव. बाणावर जाऊ नकोस, बेकरीत जा. पेटीचं झाकण उघडायला लाव, जुना पिनियन हातात घे आणि मगच सही कर.

थट्टा नाही करत. कारण विचारू नकोस.

मामा

•

१३ फेब्रुवारी

मामा,

कारण विचारलं नाही. गेले.

बेकरी तुमच्या वर्कशॉपच्या इतकी जवळ आहे की तिथून हाक मारली तर ऐकू जाईल. आत उबदार, सगळ्यावर पिठाची पातळ साय. फरशीवर एक काळी रेघ आहे. पूर्वी भिंत तिथं होती, ती दोन हात मागे नेलीय. यंत्राच्या आणि भिंतीच्या मधल्या त्या पट्ट्यात चार माणसं न बघता एकमेकांना चुकवत वावरतात. पाण्याचा नळ तिकडे, पिठाची पिंपं तिकडे, अॅप्रनच्या खुंट्याही तिकडेच. मोकळ्या वाटणाऱ्या बाजूला पावांच्या ट्रेची मांडणी आणि भट्टी, पाय ठेवायला जागा नाही.

यंत्र सुरू केलं. मामा, ते बाणाच्या उलट फिरतं.

माझा पिनियन बसवला असता तर तो जाडजूड पाहुणा पातळ झाकणाला खांदा लावून उभा राहिला असता. पहिल्याच दिवशी झाकण सुटलं असतं, आणि माझं डिझाइनचं टेबलही. तुमच्या त्या चार ओळींनी वाचले.

तिथे मळणारे एक काका आहेत, सगळ्यांत जुने. त्यांना विचारलं, हे पहिल्यापासून असंच फिरतं का. ते म्हणाले, “नाही गं. नवी जोडी बसवायला एक तरुण कारागीर आला होता. त्यानं सांगितलं, या दात्यांना हीच दिशा मानवते. मग मालकांनी भिंत पाडली.” काका त्या कारागिराबद्दल फार आदरानं बोलतात. एवढं दात्यांचं मन ओळखणारा माणूस परत बघितला नाही म्हणाले.

मी जुना पिनियन हातात घेतला. जागेवर ठेवला. परत आले.

आता पेच असा. साहेब म्हणतात, ड्रॉइंग बरोबर आहे, यंत्र चुकलंय. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा, यंत्र बाणाप्रमाणे फिरेल, उजवा पिनियनच कापा. पाच मिनिटांचं काम. पण तसं केलं तर कणीक भट्टीच्या बाजूला चढेल आणि पीठही तिकडूनच घालावं लागेल. काकांना हे सांगितलं, तेव्हा ते नुसते त्या रेघेकडे बघत राहिले. दुसरा मार्ग म्हणजे पीळ बदलून डावा पिनियन कापायचा आणि यंत्राला आहे तसं फिरू द्यायचं. त्याला साहेबांची हरकत नाही, पण ड्रॉइंग बदललं की ‘कारण’ नावाचा एक रकाना भरावा लागतो. “‘असंच चालत आलंय’ हे कारण मी घेत नाही,” असं त्यांनी आधीच सांगितलंय. बावीस तारखेपर्यंत मुदत.

त्या रकान्यात काय लिहावं, तुम्हाला काही सुचतं का? तुम्हाला दात्यांचं मन कळतं, म्हणून विचारलं.

तुमची,
पिनियन

•

१७ फेब्रुवारी

पिनियन,

तुला सगळं कळलंय असं तुझ्या मामीचं म्हणणं आहे. असेलही. तरी मी सांगतो, कारण तुला कळणं आणि मी सांगणं यांत फरक आहे.

तिरप्या दात्यांची मी एकट्यानं कापलेली ती पहिली जोडी. आमचे उस्ताद त्या पंधरवड्यात आजारी होते. मी म्हणालो, मी करतो. शाळेत भूमिती नीट शिकलो नव्हतो, पण उस्तादांच्या खांद्यावरून डोकावून वही भरली होती. अकरा दिवस लागले. कोन बरोबर, माप बरोबर, दाते आरशासारखे.

कापायच्या आधी कोऱ्या चकतीवर खडूनं एक तिरपी रेघ मारायची पद्धत होती, दाते कुणीकडे झुकणार ते दिसावं म्हणून. उस्तादांचा नियम साधा: गिअर उभा धरा, रेघ वर जाताना खडूच्या हाताकडे झुकली की पीळ उजवा. उस्ताद खडू उजव्या हातात धरायचे. मी डावखुरा. नियम पाठ होता. मी खडू घेतला, रेघ माझ्या खडूच्या हाताकडे झुकवली, आणि अकरा दिवस मन लावून डावा पिनियन कापला. मोठ्याला त्याच्या उलट, उजवा. एकमेकांत ते छान बसले, म्हणून संशयही आला नाही. पिनियनवर मोठ्या अभिमानानं ‘उ’ ठोकला.

बेकरीत बसवला. मोटर सुरू केली, आणि शाफ्ट सरकून पातळ झाकणाला भिडला. झाकणाचे बोल्ट कुरकुरले. बंद केलं. हातात खडू नव्हता, तरी डावी मूठ वळलेली होती. तिच्याकडे बघितलं, आणि समजलं. मागे मालक उभे, भट्टी पेटलेली, आख्खी गल्ली पावाची वाट बघतेय. मी म्हणालो, पाच मिनिटं द्या. दोन वायरी बदलल्या. यंत्र उलटं फिरलं, रेटा जाड बेअरिंगकडे गेला, शाफ्ट मांजरासारखा जागेवर बसला. मालकांनी विचारलं, कणीक भिंतीकडे का चढतेय? आणि मी ते वाक्य बोललो. इतक्या ठामपणे, की क्षणभर मलाही पटलं.

वाटलं होतं, उस्ताद बरे झाले की सांगू, नवी जोडी कापू. पुढच्या महिन्यात गल्लीतून जाताना गवंडी भिंत फोडताना दिसला. मी रस्ता बदलला. त्यानंतर त्या गल्लीतून गेलो नाही. मामीनं विचारलं तर सांगायचो, मला त्या भट्टीचा धूर सोसत नाही. जन्मभर पाव तिनं आणला, इकडे राहायला आल्यावरही.

उस्ताद गेले, त्यांनाही सांगितलं नाही. तुला तर कसं सांगणार? तू सातवीत असताना निबंधात लिहिलं होतंस की माझा मामा मोजतो एकदाच, कारण तो चुकत नाही. ती वही माझ्याकडे आहे. त्या ओळीच्या आधारावर तू शिकत गेलीस असं मला वाटायचं, आणि खालचं बेअरिंग कुणी काढत नाही. म्हणून पहिल्या पत्रात आठवत नाही म्हणालो. तुझ्याशी खोटं बोललो ते तेवढंच. चष्मा मात्र खरंच कपाळावर होता.

रकान्यात माझं नाव लिही. सोबत वेगळ्या कागदावर सगळं लिहून, सही करून दिलंय. साहेबांना भिंग लावून वाचू दे. पण त्या मळणाऱ्यांना भट्टी पाठीशी घेऊन उभं करू नका. चूक माझी होती, सवय त्यांची आहे.

मामा

ता.क. चौतीस वर्षं! धूर सोसत नाही म्हणे. आणि मी भर उन्हातून पाव आणत होते. आता घरात कोण चुकत नाही ते एकदा ठरवून घेणार आहे. मामी.

•

१४ मार्च

मामा,

मामीचा निकाल काय लागला ते कळवा. मला अंदाज आहे.

तुम्ही बरोबर ओळखलंत, मला तेव्हाच कळलं होतं. पिनियन हातात घेतला तर दाते डावीकडे झुकलेले, आणि वर ठसठशीत ‘उ’. त्याच्या बाजूला पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी एक बारीक खूण. तीच खूण तुम्ही माझ्या गणिताच्या वहीत बरोबर उत्तरापुढं काढायचात. अख्ख्या जगात दुसरं कुणी काढत नाही. मग आठवलं, तुम्ही लिहिता डाव्या हातानं, हातोडी डाव्या हातानं, खडू मात्र उजव्या. लहानपणी मी विचारलं होतं, तर म्हणाला होतात, खडू फार तापट असतो, डाव्या हाताला चावतो. मी कित्येक वर्षं खडूला घाबरत होते.

मी सरळ लिहिलं असतं, तर तुम्ही एका ओळीत ‘हो’ म्हणाला असतात आणि पुन्हा कवळीवर आला असतात. म्हणून भोळेपणा केला. रागावू नका, हेही तुमच्याकडूनच शिकले.

तुमचा कागद साहेबांना दिला. भिंग लावून वाचला, भिंग बाजूला ठेवून पुन्हा वाचला. मग विचारलं, “हे गृहस्थ तुझे कोण?” मी म्हणाले, मामा. ते म्हणाले, “यांनी कोन कसा काढला होता? आपल्यापेक्षा मिनिटाचाही फरक नाही.” मग मी ‘कारण’ रकाना भरला: पहिली जोडी ड्रॉइंगच्या उलट पिळाची कापली गेली, यंत्राची दिशा त्यानुसार बदलली, चौतीस वर्षं विनातक्रार चालली, कामाची जागा त्याच दिशेनं बांधलेली आहे, म्हणून पिनियन डावा. कापणाऱ्याचं नाव लिहायला लागले तर साहेबांनी पेन धरलं. म्हणाले, रकान्यात कारण मागितलंय, नाव नाही. तुमचा कागद त्यांनी फाइलला लावला नाही, स्वतःच्या खणात ठेवला.

जोडी परवा बसली. पाहुणा जाड बेअरिंगला टेकून निवांत उभा आहे. आवाज इतका कमी, की काकांना यंत्र बंद पडल्यासारखं वाटलं. मी त्यांना सगळं सांगितलं, तुम्हाला न विचारता. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “भिंत मागे नेली तेव्हा तिच्यात खिडकी काढली. त्याआधी आम्ही भट्टी पाठीशी घेऊन मळायचो. त्यांना म्हणावं, त्या खिडकीमुळे मी इथं टिकलो.” आणि तुमच्यासाठी एक पाव बांधून दिला. आईनं आणि मी तो खाल्ला, इतक्या लांब पाठवला असता तर दगड झाला असता.

टेबल माझं राहिलं. निबंधातली ती ओळ मात्र खोडू नका, तिच्या पुढे थोडं लिहिते: मामा एकदा चुकला, आणि त्यानं ते वेळेवर सांगितलं. ‘वेळेवर’ला मामी हरकत घेईल, पण माझ्यापुरतं ते खरं आहे.

सोबतचं पार्सल जपून उघडा, जड आहे.

तुमची,
पिनियन

•

२३ मार्च

पिनियन,

पार्सल पोस्टमननं दारात ठेवलं आणि कंबर धरून विचारलं, आत काय आहे. मी म्हणालो, माझी एक जुनी चूक. तो म्हणाला, बरीच वजनदार आहे.

पिनियन खिडकीत ठेवलाय. बोटानं सगळे दाते चाचपले. एकोणीसच्या एकोणीस सारखे झिजलेत, एकही कमी-जास्त नाही. एवढं तरी म्हणू दे, की चुकीचा का होईना, छान कापला होता.

मामीचा निकाल: पाव आता मी आणायचा, इथल्या बेकरीतून, वळणावरचा चढ चढून. शिक्षा किती वर्षांची ते तूच ओळख. रोज निघताना ती विचारते, धूर सोसेल ना?

काल पिनियनवरचा जुना ‘उ’ खडूनं खोडला आणि शेजारी ‘डा’ लिहिला. खडू डाव्या हातात घेतला होता. अजिबात चावला नाही.

तुझा मामा